अळणी डबा

चिकन उकडायला अक्कल लागते असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर वहिनींनी त्याला वेड्यात काढलं असतं. पाण्यात टाकायचं, शिजलं की काढायचं, त्यात कसलं आलंय शास्त्र! पण लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्याच सकाळी नवऱ्यानं ओट्यावर एक लहानसा वजनकाटा आणून ठेवला. मांस कच्चं असतानाच तोलायचं, शिजल्यावर नाही. तेल नाही. मीठ तर नावालासुद्धा नाही. "आणि चवबीव बघत बसायचं नाही," नवरा म्हणाला, "चव हा आपल्या घरातला विषयच नाही." नव्या नवरीला वाटलं, गडी थट्टा करतोय. ती खुदकन हसलीसुद्धा. त्या हसण्याचा पुढे तिला इतका राग यायचा, की विचारू नका.

त्यांना वहिनी केलं ते धाकट्या दिरानं. तेव्हा तो शाळेत होता, हडकुळा, सतत भूक लागलेला. काकडीच्या फोडीला मीठ लावून ती चोखत चोखत गणितं सोडवायचा आणि चुकली की म्हणायचा, "वहिनी, काकडी कडू निघाली म्हणून चुकलं." त्याचं ऐकून जिममधली पोरं वहिनी म्हणायला लागली, मग दूधवाला, मग शेजारीपाजारी, आणि शेवटी सासूबाईसुद्धा "त्या वहिनीला हाक मारा रे" म्हणू लागल्या. माहेरचं नाव कुठे गेलं ते वहिनींच्याही लक्षात राहिलं नाही.

नवऱ्याला सगळे सर म्हणत. सर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते की कॉलेजात नव्हते. गल्लीच्या तोंडाशी टायरचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर त्यांची जिम. लोखंडी जिना चढून गेलं की खालच्या रबराचा वास आणि वरच्या घामाचा वास एकमेकांत मिसळून नाकात शिरतो. तीन भिंतींना आरसे आणि चौथ्या भिंतीवर सर. म्हणजे सरांचा फोटो, माणसाएवढा. अंगाला तपकिरी रंग, त्यावर तेल, गळ्यात पदक, आणि चेहऱ्यावर पोट साफ न झालेल्या माणसाचं हसू. त्या स्पर्धेत सर दुसरे आले होते. फोटोची हकिगत ते रोज कुणाला ना कुणाला सांगत, फक्त नंबर तेवढा गाळून.

सरांच्या पद्धतीचा मोठा बोलबाला होता. वर्षातले बरेचसे महिने पोराला खाऊ घालायचं आणि जड वजनं उचलायला लावायची. हात थरथरायला लागून वजन सुटायच्या बेतात आलं, की जोडीदारानं खालून बोट लावायचं आणि आणखी दोनदा उचलून घ्यायचं. "तुझं जिथं संपतं, तिथं माझं सुरू होतं," असं सर त्याच्या कानाशी ओरडायचे. स्पर्धा जवळ आली की सगळा उलटा कारभार. भात बंद, साखर बंद, मीठ बंद, सकाळ-संध्याकाळ मशिनच्या सरकत्या पट्ट्यावर चालणं आणि आरशासमोर पोझा. शेवटच्या आठवड्यात आधी पाणी पिऊन पिऊन पोट फुटायची वेळ आणि मग एकाएकी पाणीही बंद. कातडीखाली पाण्याचा थेंब राहता कामा नये, शीर न्‌ शीर मोजता आली पाहिजे.

आणि सामान. सामान म्हणजे काय, हे जिममध्ये कुणी कुणाला विचारत नसे. ते घरच्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या डब्यात असायचं. तेलकट औषधाच्या कुप्या, गोळ्यांची पाकिटं, सुया. स्नायू वाढवायचं वेगळं, चरबी जाळायचं वेगळं, अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या वेगळ्या. वर लेबल परदेशी, आतला माल कुठला ते देवाला ठाऊक. सर डॉक्टर सोडाच, कंपाउंडरही नव्हते, पण टोचायला हात असा हलका की पोरं खूश. कुणाच्या पाठीवर पुरळ यायचं, कुणाचं डोकं भणभणायचं, कुणी घरी जाऊन बायकोवर हात उगारायचा. सर म्हणत, "शरीर बदलतंय, त्याचा आवाज होणारच."

सरांना खरा गर्व होता तो आपल्या नजरेचा. पोराला आरशासमोर उभं करायचं, कमरेवरची कातडी दोन बोटांत धरायची आणि निकाल द्यायचा. काल रात्री तू ब्रेड खाल्लास. परवा तू झोपला नाहीस. ह्याच्या अंगानं पाणी धरलंय, त्याची चरबी अजून आत आहे. दहातल्या सात-आठ वेळा ते बरोबर निघायचं, आणि उरलेल्या वेळी पोरगाच शरमेनं कबूल करून टाकायचा. त्यामुळे सरांची नजर कधी चुकली असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सर आणि वहिनींना मूल झालं नाही. वहिनींच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, आता मिस्टरांना पाठवा, आणि ते कसली इंजेक्शनं घेत होते का तेही विचारून या. सर चवताळले. छाती ठोकून म्हणाले, "ह्या अंगाकडे बघून त्या बाईला वाटतं माझ्यात काही कमी आहे?" तपासणीचा विषय तिथेच मिटला. सासूबाई मात्र आल्यागेल्याला सांगत राहिल्या, की आमच्या सुनेची कूस उजवली नाही, आमच्या पोराचं नशीब खोटं. वहिनी मूग गिळून बसल्या. एकदा त्या गप्प बसल्या आणि ते सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं.

माया लावायची तर ती मग धाकट्यालाच. तो मोठा झाला, चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागला. हसरा, गोडबोल्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता त्याला हसवणारा. त्याला कसलं आलंय शरीर कमवायचं वेड! पण सरांचा खांदा निकामी झाला, वय झालं, आणि भिंतीवरचा तो दुसरा नंबर त्यांना रोज टोचायला लागला. एक दिवस जेवताना त्यांनी धाकट्याच्या मनगटाला बोटांचा वेढा घातला, हाडाची मापं घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तुझ्यात आहे. माझ्यापेक्षा जास्त आहे." आयुष्यात पहिल्यांदा दादा आपल्याला काही चांगलं म्हणाला, एवढ्यावर पोरगा हुरळला. दुसऱ्या दिवशी तो जिना चढला.

दोन वर्षांत त्याचा कायापालट झाला. सदरे फाटायला लागले. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. जिममधल्या पोरांच्या स्पर्धेच्या चकचकीत चड्ड्या त्याच शिवून देत, त्यामुळे कुणाची कंबर किती उतरली आणि मांडी किती भरली हे त्यांना टेपवर दिसे. धाकट्याचं माप घेताना त्यांच्या मनात दोन्ही असायचं. वाटायचं, किती देखणा झालाय. आणि वाटायचं, ह्याच्यातला आपला तो काकडी चोखणारा पोरगा कुठे गेला? तो आता हसेनासा झाला होता. चिडायचा. नाकातून मधूनच रक्त यायचं. लघवीला फेस येतो म्हणून त्यानं एकदा दादाला सांगितलं, तर सर म्हणाले, "प्रोटीन आहे ते. चांगली खूण आहे." बिचाऱ्याला तेवढं पुरलं.

स्पर्धेचे शेवटचे महिने सुरू झाले तसा तो पार सुकून गेला. एका दुपारी दुकानातून जेवायला घरी आला, डब्यातलं पांढरं चिकन काट्यानं ढकलत बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"वहिनी, पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं गं. घशाखाली उतरत नाही. चिमूटभर टाक ना."

"अरे, दादाला कळलं तर?"

"तू सांगितलं नाहीस तर कसं कळेल? एवढंसं गं. जिभेला कळण्यापुरतं."

वहिनींनी मिठाच्या बरणीत दोन बोटं घातली. फक्त दोन बोटं. पहिला घास घेतल्यावर पोराचा चेहरा जो काही उजळला, तो बघून वहिनींना हसू आवरेना. "काय बनवलंयस गं!" तो म्हणाला. त्या घरात इतक्या वर्षांत त्यांच्या स्वयंपाकाला कुणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. मग दुपारच्या डब्यात रोज ती चिमूट पडायला लागली. दोघांचं ते गुपित झालं आणि वहिनींचा दिवस त्या दुपारसाठी उजाडायला लागला.

स्पर्धेला आठवडाभर उरला आणि वहिनींनी त्याला चड्डीच्या मापाला उभं केलं. टेप कमरेला लावता लावता त्यांची नजर खाली गेली. मोज्याचं इलॅस्टिक घोट्यावर जिथे होतं तिथे बोट रुतेल एवढा खळगा. त्यांनी अंगठा दाबून बघितला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. वर बघितलं तर डोळ्यांखालीही फुगवटा, जसा काही रात्रभर रडलाय.

"हे कधीपासून?"

"चार-पाच दिवस. सकाळी जास्त असतं. दादाला नको सांगूस, तो म्हणेल मी काहीतरी खाल्लं."

"डॉक्टरांना दाखवू या. आत्ताच्या आत्ता."

आणि नवल म्हणजे तो तयार झाला. एरवी दादाला विचारल्याशिवाय जांभई न देणारा पोरगा, पण त्या दिवशी तोही घाबरला असावा. पलीकडच्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यानं सदरा चढवला, दाराशी बसून बूट घालायला घेतले. पाय बुटात जाईना. नाडी पूर्ण सैल केली, बुटाची जीभ बाहेर ओढली, तरी टाच आत बसेना. वहिनी चप्पल पायात घालून उभ्या होत्या. तेवढ्यात सर जिममधून घरी आले.

त्यांनी धाकट्याला उजेडात नेलं. सदरा काढायला लावला. पोटाची कातडी चिमटीत धरली, घोटा दाबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मीठ खाल्लंस."

"नाही दादा."

"पाणी धरलंय तुझ्या अंगानं. मीठ खाल्ल्याशिवाय असं होत नाही. कुठे खाल्लंस?"

"नाही खाल्लं. शप्पथ."

"माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? दोन वर्षं मी रक्त आटवलं तुझ्यावर!" सरांचा आवाज चढला. सासूबाई आतून बाहेर आल्या. "जा, नाही उतरवत तुला स्पर्धेत. चष्मेच पूस जन्मभर."

धाकटा खाली मान घालून उभा राहिला. एवढं शरीर, पण हुंदका दाबताना ते सबंध हलत होतं. त्यानं वहिनींचं नाव घेतलं नाही. तेवढं त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे, त्या दिवशी त्यानं वहिनींना पाठीशी घातलं. पण वहिनींना ते बघवेना. आपण केलं आणि शिव्या हा खातोय! त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्याला काही बोलू नका. मी घालत होते. दुपारच्या डब्यात. चिमूटभर."

मग सरांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. वहिनींना वाटलं होतं अंगावर धावून येतील, पण नाही. त्यांची मूठ सुटली, खांदे खाली आले. नजर चुकली नव्हती!

"मीठ!" ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? मीठच आहे. काही घाबरायचं कारण नाही, हे मी काढतो."

सासूबाईंनी सुनेचा उद्धार सुरू केला. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही, उलट हायसंच वाटलं. आजार नाही, नुसतं मीठ आहे. आपलीच चूक, म्हणजे पोराला काही झालेलं नाही. चुकीचं ओझं एवढं हलकं असू शकतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. धाकट्यानंही डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघून कसनुसा हसला. मग त्यानं दाराशी पडलेले बूट उचलून कपाटात ठेवले.

इथून पुढचं सगळं सरांच्या पद्धतीनं झालं. मिठाची बरणी घराबाहेर गेली. पाणी इतरांपेक्षा लवकर तोडलं, कारण ह्याच्या अंगात जास्त होतं ना! पाणी काढायच्या गोळ्या वाढवल्या. पोटऱ्यांत गोळे येऊन तो गादीवर तळमळायचा, तेव्हा वेदना मारायच्या गोळ्या. ओठांना भेगा पडल्या. वहिनी ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपायच्या, तर सर ते फडकं आधी कोरडं पिळून देत. "थोडंच राहिलंय," असं तिघंही एकमेकांना सांगत होते.

आणि तो पहिला आला. हो, पहिला. सभागृहातल्या दिव्यांखाली तो वळला तेव्हा पाठीतला धागा न्‌ धागा दिसत होता आणि लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. सर रडत होते. वहिनींनी शिवलेली निळी चड्डी कमरेवर सैल पडत होती, एवढंच वहिनींना दिसलं. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाला. पडद्यामागे येऊन तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आणि बसल्याजागी कलंडला. अंगाचा तपकिरी रंग सरांच्या पांढऱ्या शर्टाला लागला. तो डाग काही केल्या निघाला नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हा काय काय घेत होता?"

"प्रोटीन पावडर," सर म्हणाले. "आणि व्हिटॅमिन."

"अजून?"

"अजून काही नाही. आम्ही नैसर्गिक पद्धतीनं शिकवतो."

बाईंनी सरांच्या दंडांकडे एकवार बघितलं. म्हणाल्या, अंगात काय गेलंय ते कळल्याशिवाय आम्ही अंधारात चाचपडणार, आणि तेवढा वेळ ह्याच्याकडे नाही. सर छताकडे बघत राहिले. मग वहिनी पुढे झाल्या.

"डॉक्टर, माझ्यामुळे झालं का? मी मीठ घालत होते. चिमूटभर. त्यानं सूज आली आणि..."

"मिठानं?" बाई चक्रावल्या. "अहो, चिमूटभर मिठानं किडनी जात नाही. हे गेल्या कित्येक महिन्यांचं आहे. सूज आली कधी?"

"स्पर्धेच्या आठवडाभर आधी."

"मग तेव्हा का नाही आणलंत? ती तर खूण होती. त्या दिवशी आणलं असतंत तर बरंच काही वाचलं असतं. सूज असताना ह्याचं पाणी तोडायला कुणी सांगितलं?"

सर अजून छताकडेच बघत होते. वहिनींना मात्र दाराशी पडलेले ते बूट दिसले. मिठानं काही झालं नव्हतं. मिठाचं सांगितलं, त्यानं झालं होतं. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर पोरगा शिव्या खाऊन, रडून, चपला घालून का होईना, त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेला असता. त्यांनी मीठ पुढे केलं आणि सगळ्यांना एक सोपं उत्तर मिळालं. घरात एकटीला खरी शंका आली होती, आणि तिनंच ती बुजवली होती. हे कुणाला सांगणार? सांगितलं तरी कळणार कुणाला?

त्यांनी सरांना बाहेर ओढलं. "सांगा त्यांना सगळं."

"जिमला टाळं लागेल. तू मधे पडू नकोस."

"तुमचा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच सांगतोय. उठेल तो. माझ्या हाताखाली तयार झालेलं शरीर आहे."

वहिनी तशाच तरातरा घरी गेल्या. सासूबाई विचारत राहिल्या, अगं काय झालं, कुठे चाललीस. त्यांनी फ्रिज उघडला, अंड्यांचा कप्पा बाजूला केला, निळ्या झाकणाचा डबा पदराखाली धरला आणि परत येऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पालथा केला. कुप्या गडगडल्या. सर दारातच उभे होते. त्यांनी वहिनींकडे असं बघितलं, जसं काही त्यांनीच भावाच्या नरड्याला हात घातलाय.

बाई एकेक लेबल वाचत होत्या. पलंगावरून धाकट्याचा आवाज आला, नळ्यांमधून, खोल गेलेला. "दादाला माहीत नव्हतं. मी आणलं ते. माझं मी घेत होतो."

आणि सरांनी त्याला ते बोलू दिलं. वहिनींना त्या माणसाची जेवढी किळस त्या क्षणी आली, तेवढी आधीही कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. पोरगा मरणाच्या दारात पडून दादाला वाचवतोय, आणि दादा खाली मान घालून वाचतोय.

त्या डब्यामुळे योग्य ते उपचार झाले आणि जीव वाचला. किडन्या वाचल्या नाहीत. आता एक दिवसाआड त्याला दवाखान्यात यंत्राला जोडतात, अर्धा दिवस रक्त धुऊन काढतात. दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत भरून दिलेलं असतं, त्यापुढे थेंब नाही. फार तहान लागली तर बर्फाचा खडा. चष्म्याच्या दुकानात दुसरा माणूस आला. मांड्या वितळल्या, दंडावर नळीच्या सुयांचे गाठाळ फुगवटे आले. सरांनी त्याला जिमच्या दाराशी टेबल टाकून दिलंय. आल्यागेल्याची कार्डं बघतो.

त्याच्या डोक्यामागे, जिथे सरांचा फोटो होता तिथे, आता त्याचाच फोटो आहे. निळी चड्डी, पदक, पाठीतला धागा न्‌ धागा. फोटोखाली पहिला नंबर एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे की खाली टायरच्या दुकानातूनही वाचता येईल. जिमला पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी आहे. नवीन पोरगा आला की सर त्याला आधी फोटो दाखवतात, मग टेबलाशी बसलेला माणूस दाखवतात.

"हाच तो. असा कोरून काढला होता मी. पण घरातून साथ नाही. बाईमाणसाला दया आली आणि गुपचूप मीठ घातलं. एवढ्याशा मिठानं माझ्या भावाचं सोनं मातीत गेलं. म्हणून सांगतो, घरच्यांचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं."

पोरं मान डोलावतात. रस्त्यात वहिनी दिसल्या की ती बाजूला होतात. एकाच्या आईनं भाजीच्या दुकानात त्यांना तोंडावर विचारलं, "तुमच्याच हातून झालं ना हो ते?" वहिनींनी भाजी तिथेच टाकली आणि घरी आल्या. चड्ड्या शिवणं त्यांनी कधीच सोडलंय. मशिनवर चादर टाकून ठेवलीय.

त्या दिवशी त्या जेवताना पहिल्यांदा बोलल्या. सासूबाई होत्या, सर होते, धाकटा होता.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते तुम्ही तिथे उभं राहून ऐकलंत. मिठानं झालेलं नाही. जगाला काय सांगायचं ते सांगा, निदान ह्या घरात तरी खोटं बोलू नका."

"डॉक्टर लोकांना काय कळतं शरीरातलं?" सर म्हणाले आणि भाकरी मोडली.

वहिनींनी धाकट्याकडे बघितलं. मीठ त्यानंच मागितलं होतं. फ्रिजमधला डबा कुणाचा, तेही त्याला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. पण दादा खोटा ठरला तर ती दोन वर्षं, ते पदक, तो टाळ्यांचा दिवस, सगळंच खोटं ठरणार होतं, आणि त्याच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं. वहिनींना ते कळलं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं असं नाही.

"जाऊ दे ना वहिनी," तो अगदी मायेनं म्हणाला. "झालं ते झालं. मी तुला माफ केलंय."

वहिनी उठून ओट्याशी गेल्या. त्याचं चिकन वेगळं उकडलेलं होतं, कच्चं असताना तोललेलं. आता वजनकाटा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आहे, तुकडे पूर्वीपेक्षा लहान आहेत आणि मीठ खरोखरच चालत नाही. त्यांनी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं झाकण काढलं, काटा उचलला आणि तसाच हातात धरून थांबला.

"आधी तू खाऊन दाखव," तो म्हणाला.

सर बघत होते. सासूबाई बघत होत्या. वहिनींनी त्याच्या हातातून काटा घेतला, एक तुकडा तोंडात घातला आणि सगळ्यांना दिसेल असा सावकाश चावून गिळला.

"अळणी आहे," त्या म्हणाल्या.

मग तो जेवायला लागला. तेव्हापासून रोज असंच चालतं.